होडी दिसते वरून, कळते खालून

एक जाहिरात डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली. फोटोत एक जुनं लाकडी कोठार आहे. आत अर्धवट ताडपत्रीखाली सतरा फुटी मोटरबोट उभी आहे. महोगनीच्या तपकिरी फळ्या, नाळेवर क्रोमची पट्टी, मळलेलं पण देखणं स्टीअरिंग. खाली चार ओळी : '१९४८चं मॉडेल. तीस वर्षं आत ठेवलेली. ठेवली तेव्हा इंजिन चालू होतं. थोडं काम आहे, सोपा प्रोजेक्ट.' आणि किंमत? आपल्याकडच्या एका नव्या बाइकएवढी!

खरं सांगा, बोट बघून बोट 'सेव्ह'वर गेलं की नाही?

अशा जाहिराती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चाळत बसणारी एक मोठी जमात जगात आहे. आपल्याकडे नाही का, कुणाच्या तरी अंगणात गंजत पडलेली येझदी किंवा लॅम्ब्रेटा दिसली की काही जणांचा श्वास अडकतो, तसंच हे. फरक इतकाच की हा नाद पाण्यावरचा आहे. रस्त्यात बंद पडलेली बाइक ढकलत गॅरेजपर्यंत नेता येते. तळ्याच्या मधोमध पाणी भरायला लागलेली होडी ढकलत कुठे नेणार?

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? इथे परीक्षेची फी भरताना नाकीनऊ येतात. मान्य. उद्या उठून कुणी मिशिगनला होडी घ्यायला निघणार नाहीये. पण जुनी लाकडी मोटरबोट शोधायची, तपासायची आणि विकत घ्यायची एक पक्की रीत या नादिष्ट मंडळींनी ठेचा खातखात बसवली आहे. ती रीत जुन्या बाइकला लागू पडते, सेकंडहँड कॅमेऱ्याला पडते, पुढेमागे घर घ्याल तेव्हा त्यालाही पडेल. कारण सगळीकडे प्रश्न एकच असतो : प्रेमात पडल्यावरसुद्धा डोळे उघडे कसे ठेवायचे?

आधी थोडा इतिहास

लाकडी मोटरबोट म्हटलं की पहिलं नाव येतं ते क्रिस-क्राफ्टचं. मिशिगनमध्ये सेंट क्लेअर नदीच्या काठी अल्गोनॅक नावाचं छोटं गाव आहे. तिथे ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ हा माणूस (हो, खरंच हेच नाव!) एकोणिसाव्या शतकात होड्या बांधायला लागला. त्याने बांधलेल्या 'मिस अमेरिका' या बोटीने गार वूड या श्रीमंत रेसरला १९२०मध्ये हार्म्सवर्थ ट्रॉफी मिळवून दिली. १९२२मध्ये स्मिथ बापलेकांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९३०मध्ये तिचं नाव क्रिस-क्राफ्ट झालं. डेट्रॉइट तिथून जवळ. मोटारी जशा एकामागोमाग एक, एकसारख्या तयार होतात, तशा होड्या का होऊ नयेत, हा विचार त्यांनी उचलला. म्हणून आजही क्रिस-क्राफ्टच जास्त सापडतात. सोबतीला गार वूडच्या स्वतःच्या कंपनीच्या, हॅकर-क्राफ्टच्या, सेंच्युरीच्या होड्या आहेत. पलीकडे कॅनडात मस्कोका तलावांच्या काठी डिचबर्न आणि ग्रीव्हेटसारखे कारागीर होते.

युरोपात या सगळ्याला उत्तर दिलं इटलीने. इझेओ तलावाकाठच्या सारनिको गावात रीवा घराण्याचा कारखाना होता. कार्लो रीवाने अमेरिकेशी बोलणी करून क्रिस-क्राफ्टची इंजिनं मिळवली आणि इटालियन अंगात अमेरिकन हृदय बसवलं. १९६२मध्ये आलेली 'अक्वारामा' ही त्याची सगळ्यात गाजलेली होडी. जुन्या युरोपियन सिनेतारकांच्या फोटोत मागे एखादी चकचकीत लाकडी बोट दिसली तर ती बऱ्याचदा रीवाच असते.

मग फायबरग्लास आलं. त्याला कूज नाही, दर वर्षी व्हार्निश नाही, फळ्या आवळायची कटकट नाही. लाकडी होड्या हळूहळू कोठारांत आणि बोटहाउसांत गेल्या. काही सडल्या, काही शेकोटीत जळल्या. १९७५मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला काही मंडळी जमली आणि त्यांनी 'अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी' काढली. त्यांच्या हिशेबात १९१९ ते १९४२मधली होडी 'अँटिक' आणि १९४३ ते १९७५मधली 'क्लासिक'. पुढे १९८१मध्ये 'ऑन गोल्डन पाँड' हा सिनेमा आला. त्यात म्हाताऱ्या हेन्री फोंडाच्या जोडीला एक जुनी क्रिस-क्राफ्टही होती. तिने बऱ्याच जणांना आजोबांच्या बोटहाउसचं कुलूप उघडायला लावलं, असं या वर्तुळात म्हणतात.

जाहिरातीची भाषा शिका

आपल्याकडे 'सिंगल ओनर, शोरूम कंडिशन' वाचलं की आपण मनातल्या मनात हसतो. होडीच्या जाहिरातींचंही असंच एक व्याकरण आहे.

'ठेवली तेव्हा इंजिन चालू होतं' याचा अर्थ, ते आज चालत नाही. 'थोडं काम आहे' याचा अर्थ, काम सांगायला लाज वाटते एवढं आहे. 'नवीन व्हार्निश' वाचलं तर जास्तच सावध व्हा, कारण व्हार्निश ही बाहेरून दिसणारी गोष्ट आहे आणि होडी मरते ती आतून. 'बराच भाग रिस्टोअर झालाय' म्हणजे आधीच्या मालकाचा पैसा, वेळ किंवा उमेद यांपैकी काहीतरी संपलं. 'सगळे पार्ट आहेत' ही तर सगळ्यात धोक्याची ओळ, तिच्याकडे नंतर येऊ.

विकणारा खोटारडाच असतो असं मात्र समजू नका. पुष्कळदा तो वयस्कर माणूस असतो. त्याने ती होडी स्वतःच्या वडिलांबरोबर चालवलेली असते. त्याला ती आजही तशीच दिसते, १९६०च्या उन्हाळ्यातली. तो खोटं बोलत नसतो, आठवणीतून बोलत असतो. म्हणून वाद घालू नका. ऐकून घ्या आणि टॉर्च काढा.

कुंडली जुळवा

मासकॉमला पहिल्या सेमिस्टरपासून एकच घोकवतात : सांगितलेलं लिहू नका, कागद बघा. होडीलाही हेच लागू.

क्रिस-क्राफ्टच्या होडीच्या लाकडावर आतल्या बाजूला हल नंबर ठोकलेला असतो. त्यातल्या अक्षरांवरून मॉडेल कळतं आणि आकड्यावरून ती कितवी. कंपनीने प्रत्येक होडीचं एक कार्ड ठेवलं होतं. होडी कधी तयार झाली, कोणतं इंजिन बसवलं, कोणत्या विक्रेत्याकडे पाठवली, हे त्यावर असायचं. ही कार्डं आज व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या 'मॅरिनर्स म्युझियम'मध्ये जपून ठेवली आहेत. नंबर देऊन आणि शुल्क भरून त्याची प्रत मागवता येते.

म्हणजे बघा, मालक म्हणतो १९४८ची आणि कार्ड म्हणतं १९५१ची. मालक म्हणतो मूळ इंजिन आणि कार्डवरचा इंजिन नंबर वेगळाच. होडी लगेच वाईट ठरत नाही, पण किंमत बदलते आणि तुमचा बोलण्याचा सूरही. लाकडावर नंबरच सापडत नसेल, तर ती फळी कधीतरी बदलली गेली असं समजायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचा : अजून काय काय बदललं?

मालकीचे कागद हा वेगळा विषय. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम निराळे. होडीचा कागद वेगळा, ट्रेलरचा वेगळा. ज्याच्या नावावर आहे तोच विकतोय ना, एवढं तरी पैसे देण्याआधी बघायचंच. आपल्याकडे जुन्या गाडीचं आरसी बुक बघतो, तितकंच साधं आणि तितकंच विसरलं जाणारं.

वाका, झोपा, खाली बघा

नवखा माणूस होडीजवळ जातो आणि आधी स्टीअरिंगवर हात ठेवतो. जाणकार माणूस जमिनीवर पाठ टेकतो.

या होड्यांची रचना थोडक्यात समजून घ्या. मधोमध लांब कणा, म्हणजे कील. त्याला जोडलेल्या फासळ्या, सहसा व्हाइट ओकच्या. त्यांच्यावर महोगनीच्या फळ्या स्क्रूने बसवलेल्या. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडाची छोटी गोल बुचं, म्हणजे वरून स्क्रू दिसत नाही. तळाला बऱ्याच होड्यांत फळ्यांचे दोन थर असतात आणि मध्ये लेप लावलेलं कॅनव्हास. एकदम मजबूत. पण दोन थरांच्या मध्ये पाणी शिरलं की ते वर्षानुवर्षं आतच बसतं आणि बाहेरून काही कळत नाही.

इथे एक गंमत आहे. आपल्याला वाटतं, समुद्राचं खारं पाणी लाकडाचा शत्रू. प्रत्यक्षात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही, तिला आवडतं ते पावसाचं गोडं पाणी. म्हणून कूज सुरू होते ती बऱ्याचदा वरून : डेकच्या फटीतून गळलेल्या पावसाने, किंवा हवा कोंडणाऱ्या प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली. खारं पाणी काय करतं? ते स्क्रू आणि इंजिन खातं. शिवाय समुद्रात लाकूड पोखरणारे जीव असतात ते निराळेच. तेव्हा होडी कुठल्या पाण्यात राहिली आणि कशाखाली झाकली होती, हा पहिल्या पाच प्रश्नांतला एक.

तपासायचं कसं? प्लॅस्टिकच्या मुठीने किंवा हलक्या हातोडीने टकटक करत जायचं. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजकं लाकूड 'ढप' करतं. बाजारात कलिंगड वाजवून घेणाऱ्या आजीला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. मग मालकाची परवानगी घेऊन टोच्या. मागच्या उभ्या फळीचे खालचे कोपरे, नाळेचा बुंधा, तळ आणि बाजू जिथे मिळतात तो सांधा, फासळ्यांची टोकं, पेट्रोलच्या टाकीखालची जागा. टोच्या लोण्यासारखा आत गेला की समजायचं.

बुचं उचलून वर आली असतील तर खालचे स्क्रू सैल झालेत. जमलं तर दोन-चार स्क्रू काढून बघायचे. पितळेचा स्क्रू जुना झाला की त्यातलं जस्त निघून जातं, मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं. बोटांनी मोडतो तो. अशा हजारो स्क्रूंवर ती होडी एकत्र उभी असते, हे लक्षात आलं की पोटात गोळा येतो. म्हणूनच दुरुस्तीत आता सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू वापरतात.

शेवटी एक दोरी. कण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरायची. कणा सरळ असायला हवा. चुकीच्या ट्रेलरवर वर्षानुवर्षं उभी राहिलेली होडी मधूनच वर कमानते किंवा खाली झोळते. फळी बदलता येते. कणाच वाकला असेल तर काम कुठल्या कुठे जातं.

तळ पूर्ण नवा करायचा झाला, तर तो खर्च बऱ्याचदा होडीच्या किमतीलाही मागे टाकतो. जाहिरातीतली किंमत म्हणजे फक्त प्रवेश शुल्क!

इंजिनचा इतिहास थंडीत दडलेला

त्या काळच्या लहान क्रिस-क्राफ्टमध्ये सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असायचं. त्यातलं एक नेहमी दिसणारं म्हणजे ९५ हॉर्सपॉवरचं 'के' इंजिन, हर्क्युलिस कंपनीच्या ब्लॉकवर बांधलेलं. साधं आणि दणकट. आजही त्याचे सुटे भाग मिळतात आणि ते समजणारे मेकॅनिकही.

पण हे इंजिन थंड ठेवायला तलावाचंच पाणी आत फिरवलं जातं. मिशिगनचा हिवाळा म्हणजे हाडं गोठवणारा. हंगाम संपल्यावर इंजिनातलं पाणी काढायचं राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि लोखंडी ब्लॉकला उभी-आडवी चीर पाडतं. तेव्हा इंजिनच्या बाजूला लांब भेग किंवा वेल्डिंगचा वळ दिसतोय का, हे टॉर्च मारून बघायचं. वरून नवा रंग मारलेला असेल तर दोनदा. कधीकाळी एका ऑक्टोबरमध्ये कुणीतरी कंटाळा केला, त्याचं बिल चाळीस वर्षांनी तुम्हाला.

आणि एक गोष्ट जिवावरची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत गळती झाली तर ती खाली रस्त्यावर पसरून निघून जाते. होडीत ती तळाच्या खोलगट भागात साचून राहते. एक ठिणगी पुरे. म्हणून बोटींसाठीचे स्टार्टर, पंप, कार्बुरेटर यांचे नियम वेगळे असतात आणि इंजिन सुरू करण्याआधी पंखा लावून निदान चार मिनिटं आतली हवा बाहेर काढतात. 'गाडीचाच पार्ट बसवलाय, मस्त चालतो' असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर तो जुगाड पहिल्याच दिवशी काढायचा. जुगाडाचं कौतुक आपल्याला फार. पण ते जमिनीवर.

डब्यातली होडी

आता 'सगळे पार्ट आहेत' या ओळीकडे येऊ.

कुणीतरी उत्साहाने होडी उघडली. क्रोमच्या पट्ट्या काढल्या, मीटर काढले, सीट काढल्या, फळ्या सोडवल्या. सगळं खोक्यांत भरलं. मग नोकरी बदलली, मूल झालं, पाठ दुखायला लागली. खोकी तशीच राहिली. पाच वर्षांनी होडी दुसऱ्याला गेली, त्याने अजून थोडी उघडली. असे अर्धवट प्रोजेक्ट हाताहातांतून फिरत राहतात आणि प्रत्येक वेळी दोन-चार भाग गळतात.

लाकूड नव्याने कापता येतं. पण १९४८चा नाळेवरचा दिवा, त्या सालचं स्टीअरिंग, मीटरची ती विशिष्ट काच, हे शोधायला वर्षं जातात आणि ते भाग फार महाग पडतात. म्हणून अनुभवी लोक सांगतात, कुजकी पण पूर्ण होडी ही चकचकीत पण अपुऱ्या होडीपेक्षा बरी. काढलेली फळी, कितीही सडलेली असो, फेकायची नाही. नवी फळी कापायला तोच नमुना असतो. आणि काहीही सोडवण्याआधी फोटो, पिशवी, चिठ्ठी. 'लक्षात राहील' हे दोन शब्द या छंदात सगळ्यात महाग आहेत.

गळते म्हणजे बिघडली नाही

पहिल्यांदा बघणाऱ्याला घाम फोडणारी एक गोष्ट सांगते. महिनोन् महिने कोरडी राहिलेली लाकडी होडी पाण्यात सोडली की ती गळते. धो-धो नाही म्हणता येणार, पण घाबरावं इतकी. कारण लाकूड सुकून आकसलेलं असतं आणि फळ्यांमध्ये फटी पडलेल्या असतात. पाणी प्यायलं की फळ्या फुगतात, एकमेकींना घट्ट दाबतात आणि फटी बुजतात. याला दोन-तीन दिवससुद्धा लागतात. तोवर होडी पट्ट्यांवर तोलून धरायची, पंप चालू ठेवायचा आणि शेजारी कुणीतरी जागं राहायचं. कोकणात लाकडी होडी बघत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही.

मात्र फुगून बंद होणारी फट आणि कुजून पडलेलं भोक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो ओळखायला स्वतंत्र सर्व्हेयर नेमतात. विकणाऱ्याने सुचवलेला नाही, आपण शोधलेला. त्याची फी टोचते. पण ज्या खर्चाने 'घेऊ नका' हे उत्तर मिळतं, तो बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त खर्च असतो.

मूळ किती, नवं किती?

समजा तळ नवा घातला. मग बाजूच्या दहा फळ्या. मग फासळ्या. मग इंजिन. आता ती १९४८ची होडी उरली का?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला ऐकला असेल. इथे मात्र त्याला टक्के आहेत. अमेरिकेतल्या त्या सोसायटीच्या नियमांत, डेक आणि वरच्या बाजूंचं निदान ६० टक्के मूळ साहित्य शाबूत असेल तर होडी 'प्रिझर्व्ह्ड', म्हणजे जतन केलेली. त्याहून कमी असेल तर 'रिस्टोअर्ड'. तळ बदलला तरी चालतो, कारण तळ झिजणारच, हे सगळ्यांनी मान्य केलंय.

लॅम्बोर्गिनी मोटारींचा जनक फेरुचियो लॅम्बोर्गिनी याची स्वतःची रीवा अक्वारामा होती, १९६८ची. त्याने तिच्यात आपल्या मोटारींची दोन व्ही-१२ इंजिनं बसवून घेतली होती. पुढे होडी विकली गेली, ती इंजिनं निघाली आणि दुसरी बसली. बऱ्याच वर्षांनी नेदरलँड्समधल्या तज्ज्ञांनी ती घेतली आणि जवळजवळ तीन वर्षं राबून २०१३मध्ये पुन्हा लॅम्बोर्गिनीच्या इंजिनांसह पाण्यावर आणली. इथे 'मूळ' म्हणजे कारखान्यातून निघालेली की मालकाने आवडीने बदललेली? त्यांनी मालकाची आवड निवडली.

आणि एक उदाहरण तर आपल्या मुंबईचं. 'एचएमएस ट्रिंकोमाली' हे शिडाचं जहाज १८१७मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानात बांधलं. मोटर नाही, छोटी बोटही नाही, पण जीर्णोद्धाराचा धडा मोठा. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं त्यावर काम झालं. आज ते तिथे पाण्यावर तरंगतंय, आणि दोनशे वर्षांनंतरही त्याच्या अंगात पुष्कळसं मूळ सागवान आहे. चांगलं लाकूड आणि वेळेवर घेतलेली काळजी, या दोन गोष्टी जमल्या तर काय होतं, ते तिथे बघायला मिळतं.

हात शिकायचे असतील तर

या सगळ्यात एक करिअर पण दडलंय. अमेरिकेत लाकडी होड्या बांधायला-दुरुस्त करायला शिकवणाऱ्या शाळा आहेत. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टची 'आयवायआरएस' ही त्यातली एक. तिथे विद्यार्थी बीटल कॅट नावाच्या छोट्या जुन्या शिडाच्या होड्या प्रत्यक्ष दुरुस्त करतकरत शिकतात. मिशिगनच्या उत्तर टोकाला सीडरव्हिलला 'ग्रेट लेक्स बोट बिल्डिंग स्कूल' आहे, आणि तिथून जवळच हेसेल गावात दर ऑगस्टमध्ये जुन्या लाकडी बोटींचं संमेलन भरतं. क्रिस-क्राफ्टचा पहिला डीलर याच हेसेलचा. तुमच्यापैकी कुणी डेट्रॉइट, ॲन आर्बर किंवा शिकागोकडे एमएस करायला गेलात, तर एका शनिवारी नक्की जा. मालक मंडळी बोलायला एका पायावर तयार असतात. होडी घेण्याआधी शंभर होड्या बघा, असं सांगतात ना, ते इथे एका दिवसात जमतं.

पैसे देण्याआधी तीन प्रश्न

पहिला : ठेवणार कुठे? रिस्टोरेशनला वर्षं लागतात. छप्पर, वीज आणि वाकून काम करता येईल एवढी जागा नसेल, तर बाकी सगळं व्यर्थ आहे. भाड्याच्या घरात होडी मावत नाही.

दुसरा : करणार कोण? स्वतः करणार असाल तर दर आठवड्याचे तास कागदावर लिहा आणि ते निम्मे करा. कारागिराला देणार असाल तर त्याचा अंदाज घ्या आणि तो वाढेल असं धरून चला. आणि आकडा ठरवून घ्या, ज्याच्या पुढे जायचंच नाही. तो होडी बघायला जायच्या आधी ठरवायचा, बघून आल्यावर नाही. बघून आल्यावर आकडा आपण ठरवत नसतो, होडी ठरवते.

तिसरा आणि अवघड : नाही म्हणता येईल का? तुम्ही पाचशे किलोमीटर गाडी चालवून गेलात. मालकाने चहा-कॉफी दिली, जुने फोटो दाखवले. होडी खरंच सुंदर आहे. आणि टोच्या कण्यात दोन इंच आत गेला. अशा वेळी धन्यवाद म्हणून रिकाम्या ट्रेलरसकट परत फिरणं, हेच या छंदातलं सगळ्यात मोठं कसब आहे. ज्यांच्याकडे आज झळाळणारी, पाणी कापत जाणारी होडी आहे, त्यांनी त्याआधी बऱ्याच होड्यांना नाही म्हटलेलं असतं.

आणि तिन्हींची उत्तरं 'हो' आली, तर घ्या. बिनधास्त घ्या. फक्त बघायला जाताना जुने कपडे घाला. पाठ मातीत टेकवायची आहे.